पत्ता बदलला, गाव तेच

सारंगखेड्यातल्या एखाद्या जुन्या घरात तीन पिढ्यांची पत्रे तारेला ओवून ठेवलेली असतील, तर त्यांतली काही कार्डे काढून त्यांच्या पत्त्याची बाजू पाहावी. १९५० च्या सुमाराच्या कार्डावर ‘जिल्हा पश्चिम खानदेश’ असे असेल. १९८० च्या पाकिटावर ‘जि. धुळे’ असेल. आणि १९९९ च्या लग्नपत्रिकेवर ‘जि. नंदुरबार’. घर तेच, तापीचा काठ तोच, मार्गशीर्षात दत्तजयंतीला भरणारी यात्रा आणि तिच्यातला घोडेबाजारही तोच. पत्ता मात्र दोनदा बदलला. १९०६ पूर्वीचे एखादे पत्र सापडलेच, तर त्यावर नुसतेच ‘खानदेश’ असेल, कारण पूर्व आणि पश्चिम अशी खानदेशाची विभागणी त्या वर्षी झाली. नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला तो १ जुलै १९९८ रोजी. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी हे सहा तालुके त्यासाठी धुळ्यातून वेगळे काढले गेले. सारंगखेडा शहादे तालुक्यातले. ते त्यांच्याबरोबर गेले.

आता एक साधा प्रश्न विचारू. २ जुलै १९९८ रोजी पंजाबातल्या एखाद्या घोडेव्यापाऱ्याने जुन्या सवयीने ‘जि. धुळे’ असे लिहून सारंगखेड्याला कार्ड टाकले असते, तर ते पोहोचले असते का? पोहोचले असते, आणि फारसा घोटाळाही झाला नसता. का झाला नसता, हे समजून घेतले की आज संगणकाच्या महाजालावर दर क्षणाला घडणारी एक गोष्टही समजते. आपण संकेतस्थळाचा एक पत्ता टाकतो, पण पडद्याच्या माथ्यावर दुसराच पत्ता उमटतो, आणि हवे ते पान समोर येते. हे कोणी केले? कशासाठी केले? आपल्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी हे पाहिलेले असते. विचारलेले क्वचितच असते.

सुरुवात टपालापासून करणे बरे. भारतात एकाच नावाची गावे किती आहेत याचा विचार करा. पिंपळगाव, वडगाव, रामपूर ही नावे कुठल्याही तालुक्यात सापडतील. त्यात प्रत्येक प्रांताची लिपी वेगळी, उच्चार वेगळे, आणि पत्ता लिहिणाऱ्याचे अक्षर हा आणखी एक स्वतंत्र विषय. टपाल निवडणाऱ्या कर्मचाऱ्याला हे सगळे वाचून, समजून, योग्य थैलीत टाकायचे असे. यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून पिन क्रमांक आला. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे दळणवळण मंत्रालयातले वरिष्ठ अधिकारी मराठी होते, आणि संस्कृतचे नामवंत कवी-नाटककारही होते. व्याकरणात रमणाऱ्या माणसाने सहा आकड्यांत देश बसवावा यात मला तरी नवल वाटत नाही. धातू, प्रत्यय, विभक्ती अशी एकेक पायरी उतरत नेमक्या रूपापर्यंत पोहोचण्याची सवय असलेल्यालाच ते सुचावे.

पिनमधला पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो. असे आठ विभाग, आणि नऊ हा आकडा लष्करी टपालासाठी. चार म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि आजचे छत्तीसगड. पहिले दोन आकडे उपविभाग सांगतात. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ते ४० ते ४४ आहेत. पहिले तीन आकडे टपाल निवडीचा जिल्हा ठरवतात, आणि शेवटचे तीन प्रत्यक्ष वाटप करणारे टपाल कार्यालय. जिल्हा हा शब्द इथे वापरला, पण सावध राहायला हवे. टपाल निवडीचा जिल्हा आणि महसुली जिल्हा एकच नव्हेत. धुळे शहराचा पिन ४२४ ने सुरू होतो, जळगावचा ४२५ ने. मग शहादे, दोंडाईचे, नंदुरबार? ही सारी गावे १९७२ साली धुळे जिल्ह्यात होती, पण त्यांचे पिन ४२५ ने सुरू होतात. उलट चाळीसगाव जळगाव जिल्ह्यात असून त्याचा पिन ४२४ चा.

हे उफराटे का, याचा विचार करताना नकाशावर रेल्वेचे रूळ पाहावेत. नंदुरबार, दोंडाईचे, अमळनेर, जळगाव ही एका ओळीत, सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या तापी खोऱ्यातल्या मार्गावर आहेत. धुळ्याला गाडी जाते ती चाळीसगावहून निघणाऱ्या फाट्याने. टपालाच्या थैल्या रेल्वेने जात, महसुली हद्दीने नव्हे. तेव्हा आकडे रुळांच्या मागे गेले असावेत, असा माझा तर्क आहे. वर्गात हा नकाशा फळ्यावर काढून, पिन शेजारी लिहून, कारण मुलांनाच शोधायला लावावे. भूगोलाचा एक तास छान जातो.

आता त्या पंजाबी व्यापाऱ्याच्या कार्डाचे उत्तर मिळते. १९९८ साली जिल्ह्याचे नाव बदलले, पिन बदलला नाही. नाव माणसांसाठी असते, ते सरकार बदलते, लोक बदलतात, कधी अभिमानाने तर कधी सोयीसाठी. आकडा यंत्रणेसाठी असतो, आणि तो शक्यतो हलवू नये. नावे अनेक असली तरी चालतात, पण ती सारी शेवटी एकाच ठिकाणाशी जोडलेली असावी लागतात.

संगणकांच्या जाळ्यात हीच गोष्ट जवळजवळ त्याच काळात, पण अगदी स्वतंत्रपणे घडत होती. अमेरिकेतल्या ‘अर्पानेट’ या जाळ्यातल्या प्रत्येक संगणकाला एक आकडी पत्ता होता आणि माणसांच्या सोयीसाठी एक नाव. नाव आणि आकडा यांची एकच यादी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवलेली असे. तिची देखरेख एलिझाबेथ फाइनलर यांच्या गटाकडे होती. कोणाला नवा संगणक जोडायचा असेल, तर त्याने या गटाला कळवायचे, त्यांनी यादीत ओळ घालायची, आणि बाकी सर्वांनी ती यादी वेळोवेळी उतरवून घ्यायची. या यादीत एक बारीक पण महत्त्वाची सोय होती. एका संगणकाला एक अधिकृत नाव आणि त्यापुढे हवी तर टोपणनावे लिहिता येत. घरात ‘बाळ्या’, शाळेत ‘बाळकृष्ण’, असे.

संगणक वाढले तशी यादी फुगली आणि एका कचेरीला ती झेपेना. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी जॉन पोस्टेल यांच्याबरोबर काम करताना ‘डोमेन नाव प्रणाली’ मांडली. तिच्यात एकच मोठी यादी नाही. नावाचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याची जबाबदारी ज्याची त्याच्यावर सोपवायची. टपालातही असेच असते. मुंबईच्या कार्यालयाला सारंगखेड्यातली गल्ली माहीत असण्याची गरज नाही. तापीकाठच्या टपाल कार्यालयाला ती माहीत असली की पुरे. भारतासाठी ‘डॉट इन’ हा शेवटचा तुकडा १९८९ साली मिळाला, आणि सुरुवातीच्या काळात त्याची व्यवस्था मुंबईत जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातून पाहिली जाई. त्या वेळी सामान्य माणसाला या जाळ्यात प्रवेशच नव्हता. तो १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने खुला केला. पिन आणि इंटरनेट दोन्ही १५ ऑगस्टचे. यात योगायोगापेक्षा सरकारी समारंभांची आवड अधिक असावी.

या प्रणालीतही टोपणनावांची सोय राहिली. एखाद्या नावापुढे ‘याचे प्रमाण नाव अमुक आहे’ अशी नोंद करता येते. पण ही नोंद फक्त आकडा शोधायला उपयोगी पडते. वाचकाला आपण कोणत्या नावाने आलो हे तसेच राहते. म्हणजे बाळ्या म्हणून हाक मारली तरी बाळकृष्ण दार उघडतो, पण पाहुण्याच्या वहीत नाव ‘बाळ्या’च लिहिलेले राहते. ही वही पुढे त्रासदायक ठरणार होती.

१९९० च्या सुमारास जिनेव्हाजवळच्या ‘सर्न’ या भौतिकी प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी जागतिक जाळे, म्हणजे ‘वर्ल्ड वाइड वेब’, सुरू केले. पहिले पान ज्या संगणकावर होते त्याचे नाव यंत्रासारखेच रुक्ष होते: ‘एनएक्सओसी०१’. त्याला ‘इन्फो’ हे सोपे टोपणनाव दिले गेले. म्हणजे जगातल्या पहिल्याच संकेतस्थळाला दोन नावे होती! बारशालाच दोन नावे ठेवली, तर पुढे गोंधळ होणारच.

त्यात आणखी एका सवयीची भर पडली. एखाद्या संस्थेत टपालासाठी एक संगणक, फाइलींसाठी दुसरा, वेबसाठी तिसरा असे. म्हणून त्यांची नावे कामावरून पडत. वेबच्या संगणकाला ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ म्हणू लागले. हा नियम नव्हता, केवळ रूढी होती. पण लोकांना वाटू लागले की प्रत्येक पत्त्याच्या आधी हे तीन डब्ल्यू हवेतच. काही जण ते लिहीत, काही गाळत. संगणकाच्या दृष्टीने मात्र डब्ल्यूंसह असलेले नाव आणि त्यांच्याविना असलेले नाव ही दोन पूर्ण वेगळी नावे आहेत. एकाची नोंद केली म्हणजे दुसरे आपोआप चालते असे नाही.

हा फरक किती महागात पडू शकतो ते मी स्वतः पाहिले आहे. एका विद्यार्थिनीला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. शेवटचा दिवस. परिपत्रकावर छापलेला पत्ता तिने तालुक्याच्या गावी जाऊन तीन वेळा टाकला, ‘हे स्थळ सापडत नाही’ असेच उत्तर आले. दुकानदार म्हणाला, सर्व्हर बंद असेल, उद्या या. उद्या मुदत नव्हती. संध्याकाळी तिच्या भावाने आपल्या फोनवर सवयीने तीन डब्ल्यू लावून तोच पत्ता टाकला आणि पान उघडले. परिपत्रक लिहिणाऱ्याने डब्ल्यू गाळले होते, आणि संकेतस्थळ उभारणाऱ्याने डब्ल्यूंविना नावाची नोंद केली नव्हती. दोघांपैकी कोणीही मोठी चूक केली नव्हती. मुलीचा अर्ज भरला गेला, पण रात्री साडेदहाला. ज्या घरात भावाकडे असा फोन नसेल, त्या घरातल्या मुलीचे काय झाले असेल, हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही.

यावरचा उपाय बर्नर्स-ली यांनी फार लवकर योजला होता. ब्राउझर जेव्हा एखादे पान मागतो, तेव्हा सर्व्हर आधी तीन आकडी उत्तर देतो आणि मग पान. पिनप्रमाणे इथेही पहिल्या आकड्याला अर्थ आहे. दोन म्हणजे काम झाले, तीन म्हणजे दुसरीकडे जा, चार म्हणजे मागणाऱ्याची चूक, पाच म्हणजे देणाऱ्याची अडचण. ४०४ हा आकडा तर मुलांच्या थट्टेतही येतो. १९९२ च्या मसुद्यातच ३०१ आणि ३०२ हे आकडे होते, आणि मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमपत्रात ते पक्के झाले. ३०१ चा अर्थ ‘कायमचे स्थलांतर’. ३०२ चा अर्थ ‘सध्यापुरते दुसरीकडे’. उत्तरासोबत ‘लोकेशन’ अशी एक ओळ येते आणि तिच्यात नवा पत्ता असतो.

इथे टपालाशी तुलना करताना एक चूक सहज होते, ती वर्गात होऊ देऊ नये. आपण घर बदलले आणि टपाल कार्यालयाला लेखी कळवले, तर पोस्टमन आलेल्या पत्रावरचा जुना पत्ता खोडून नवा लिहितो आणि पत्र पुढे पाठवतो. पाठवणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. ३०१ तसे करत नाही. सर्व्हर पत्र पुढे पाठवत नाही. तो ते पाठवणाऱ्याकडेच परत करतो आणि वर लिहितो, ‘हे गृहस्थ आता इथे राहत नाहीत, अमुक ठिकाणी राहतात, तिकडे लिहा.’ मग ब्राउझर स्वतः नवे पत्र लिहून नव्या पत्त्यावर टाकतो. हे सारे डोळ्याचे पाते लवायच्या आत होते, म्हणून आपल्याला एकच प्रवास वाटतो. पण माथ्यावरचा पत्ता बदललेला दिसतो, तो या परत आलेल्या पत्राचा पुरावा. पाहुण्याच्या वहीत आता ‘बाळ्या’ खोडून ‘बाळकृष्ण’ लिहिले गेले. टोपणनावाच्या नोंदीने जे होत नव्हते ते झाले.

आणि ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी तो जुन्या दाराशी जातच नाही, थेट नव्याकडे जातो. ही सोय आहे, पण धोकाही. चुकीचा नवा पत्ता देऊन बसलात, तर नंतर दुरुस्ती केली तरी ज्यांच्या ब्राउझरने चुकीचे उत्तर साठवले ते काही काळ चुकीच्याच दारी जात राहतात. म्हणून खात्री होईपर्यंत ३०२ वापरावे आणि मग ३०१, असे अनुभवी लोक सांगतात. आणखी एक गंमत: पहिल्या पत्त्याने दुसऱ्याकडे बोट दाखवले आणि दुसऱ्याने पहिल्याकडे, तर? ब्राउझर बिचारा दोन्ही दारांमध्ये येरझारा घालतो आणि वीसेक खेपांनंतर कंटाळून चूक जाहीर करतो. आपल्याकडे दाखला काढायला गेलेल्या माणसाला हा अनुभव नवा नाही. त्याला मात्र खेपांची मर्यादा नसते.

एकाच स्थळाचे दोन पत्ते चालू ठेवले तर बिघडते कुठे, दोन्ही दारे उघडी असू देत की, असे एखादा विद्यार्थी विचारील. विचारायलाच हवे. पहिले कारण त्या पाहुण्याच्या वहीचे. एका नावाने प्रवेश घेतला, परवलीचा शब्द दिला, की ती ओळख ब्राउझर त्या नावापुरतीच जपून ठेवतो. त्याच स्थळाच्या दुसऱ्या नावाने गेलात की तुम्ही पुन्हा अनोळखी. अर्ज अर्धा भरून दुसऱ्या दारातून आलात, तर पाटी कोरी. दुसरे कारण शोधयंत्रांचे. १९९८ साली सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी पानांचे महत्त्व मोजण्याची जी पद्धत मांडली, तिच्यात इतर किती आणि कोणती पाने एखाद्या पानाकडे बोट दाखवतात याला वजन होते. पान एकच, पण पत्ते दोन, तर काही लोक एकाकडे बोट दाखवतात आणि काही दुसऱ्याकडे. मते फुटतात. निवडणुकीत दोन सारख्या नावांचे उमेदवार उभे राहिले की काय होते ते आपण जाणतोच. एका पत्त्याकडे सर्वांना वळवले की मते एकत्र येतात. फेब्रुवारी २००९ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या तिन्ही प्रतिस्पर्ध्यांनी मिळून, पानाच्या आतच ‘माझा प्रमाण पत्ता हा’ असे लिहिण्याची एक खूण मान्य केली. जिथे वळवणे शक्य नसते तिथे ती उपयोगी पडते. वाचकाला ती कुठेही नेत नाही. ती केवळ शोधयंत्राच्या कानात सांगितलेली गोष्ट आहे.

‘प्रमाण’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. शहादे-नंदुरबारकडच्या घरांत अहिराणी बोलली जाते, गुजरी बोलली जाते, सातपुड्याकडे पावरी बोलली जाते, आणि शाळेत प्रमाण मराठी. बोली चुकीची असते असे कोणी म्हणू लागले तर आपण त्याला विरोध करतो, आणि करायलाच हवा. प्रमाण पत्त्याचेही तसेच आहे. बाकीचे पत्ते चुकीचे नसतात. त्यांनी आलेल्या माणसाला दारातून परत पाठवायचे नसते, हात धरून मुख्य दाराकडे न्यायचे असते.

साधारण २०१४ नंतर दारांची संख्या दुप्पट झाली. वाटेत कोणी वाचू नये म्हणून मजकूर सांकेतिक करून पाठवणारा सुरक्षित मार्ग, एचटीटीपीएस, बँकांपुरता न राहता सर्वत्र आला. जुलै २०१८ पासून गूगलचा क्रोम हा ब्राउझर जुन्या मार्गाच्या स्थळांवर ‘असुरक्षित’ असा शेरा दाखवू लागला. म्हणजे सुरक्षित आणि असुरक्षित, डब्ल्यूंसह आणि डब्ल्यूंविना, असे एका स्थळाचे चार पत्ते. चारांपैकी तीन दारांवर ३०१ ची पाटी लावायची आणि चौथे उघडे ठेवायचे. पाट्या लावतानाही एक पथ्य असते. पहिल्याने दुसऱ्याकडे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, तिसऱ्याने चौथ्याकडे पाठवू नये, सरळ चौथ्याकडेच पाठवावे. शहरात तीन खेपांचा उशीर जाणवत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथे फोनवर एक रेघ येते आणि जाते, तिथे प्रत्येक खेप मोजावी लागते.

इथवर एकाच घराच्या दारांची गोष्ट झाली. घरच बदलले तर? सरकारी स्थळांच्या बाबतीत हे आपल्यासमोर घडले. अनेक जिल्ह्यांची संकेतस्थळे पूर्वी राष्ट्रीय सूचना केंद्राच्या ‘एनआयसी डॉट इन’ या नावाखाली होती, नंतर ती ‘गव्ह डॉट इन’ खाली गेली. जिल्ह्यांची नावेही बदलली. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. प्रत्येक बदलाबरोबर छापील परिपत्रके, माहितीपुस्तिका, भिंतीवरच्या पाट्या यांतले जुने पत्ते मात्र तसेच राहतात. कागदावर छापलेला पत्ता कोणी बदलू शकत नाही. जुन्या दारावर पाटी लावणे एवढेच हाती असते. बर्नर्स-ली यांनी १९९८ साली लिहिलेल्या एका टिपणाचा आशयच असा होता की, चांगले पत्ते मुळात बदलत नाहीत, आणि बदलतात ते तंत्रामुळे नव्हे तर माणसांनी विचार न केल्यामुळे. त्याच वर्षी नंदुरबार जिल्हा झाला आणि पिन बदलला नाही, हे मला या संदर्भात आठवत राहते.

पाटी किती दिवस ठेवावी? टपालात घर रिकामे करून गेलेल्या माणसाची पत्रे काही काळ पुढे पाठवली जातात, नंतर नव्या भाडेकरूच्या हाती पडतात. डोमेन नाव हेही भाड्याचेच असते. दर वर्षी किंवा काही वर्षांनी पैसे भरून ते राखावे लागते. खासगी संस्थेने नवे नाव घेतले आणि जुन्याचे भाडे भरायचे सोडले, की ते बाजारात येते आणि कोणीही घेतो. जुगाराच्या आणि फसवणुकीच्या धंद्यातले लोक अशा नावांवर टपूनच असतात, कारण त्या नावाकडे बोट दाखवणारी जुनी पाने आणि छापील पुस्तके अजून जगात असतात. शाळेच्या जुन्या माहितीपत्रकावरचा पत्ता पाचवीतल्या मुलाने टाकावा आणि समोर पत्त्यांचा डाव यावा, हे घडू शकते. ‘गव्ह डॉट इन’ आणि ‘एनआयसी डॉट इन’ ही नावे बाहेरच्या कोणाला विकत मिळत नाहीत, म्हणून तिथे हा धोका कमी. पण शाळा आणि ग्रंथालये बहुधा खासगी नावे घेतात. आपल्या शाळेचे संकेतस्थळ बदलले असेल, तर जुन्या नावाचे भाडे कोण भरते आहे हे मुख्याध्यापकांनी एकदा विचारावे.

सर्नमधल्या त्या पहिल्या पानाचे काय झाले? त्याचा मूळ पत्ता अनेक वर्षे झोपलेला होता. तिथे जाणाऱ्याला नुसते मुख्य दाराकडे वळवले जाई. २०१३ साली, वेब सर्वांसाठी मोफत खुले केल्याला वीस वर्षे झाली तेव्हा, सर्नच्या लोकांनी जुन्या प्रती शोधून ते पान पुन्हा त्याच्या मूळ पत्त्यावर ठेवले. संग्रहालयात मूळ वस्तू मूळ जागी ठेवण्याइतकेच ते मला महत्त्वाचे वाटते.

आता पत्ते देवनागरीतही लिहिता येतात. २७ ऑगस्ट २०१४ रोजी ‘डॉट भारत’ हा शेवटचा तुकडा देवनागरीत सुरू झाला. हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी, मैथिली, डोगरी, बोडो आणि सिंधी या आठ भाषांसाठी ही एकच लिपी चालते. जाळ्याची मूळ यंत्रणा मात्र रोमन अक्षरांसाठी बांधलेली आहे, म्हणून २००३ साली ठरलेल्या एका रीतीने देवनागरी नावाचे रोमन अक्षरे-आकड्यांत रूपांतर होते. ‘भारत’ हा शब्द आतून ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ असा प्रवास करतो. आपल्याला तो दिसत नाही, हे बरेच आहे. पण यामुळे एका संस्थेला आता रोमन आणि देवनागरी असे दोन पत्ते घ्यावे लागतात, आणि एकाला मुख्य ठरवून दुसऱ्याला तिकडे वळवावे लागते. कोणते मुख्य, हा प्रश्न तांत्रिक नाही. बहुतेक जण रोमनच मुख्य ठेवतात.

वर्गात एक प्रयोग करून पाहण्याजोगा आहे. मुलांना एकमेकांकडे न पाहता ‘सारंगखेडा’ हे नाव रोमन अक्षरांत लिहायला सांगावे. मी सांगितले तेव्हा अनुस्वारासाठी कोणी ‘एन’ लिहिला, कोणी ‘एन’ आणि ‘जी’, आणि पुढचा ‘ग’ पुन्हा वेगळा. ‘ड’ साठी बहुतेकांनी ‘डी’ लिहिला, हिंदी वाचणाऱ्या एकाने ‘आर’. दोघांनी गावाचे नाव ‘सारंगखेडे’ धरून शेवटी ‘ई’ लिहिला, कारण घरी तसेच म्हणतात. मग त्यांना म्हटले, गावच्या यात्रेचे संकेतस्थळ काढायचे आहे, यांतले कोणते रूप मुख्य ठेवायचे आणि कोणती रूपे तिकडे वळवायची ते ठरवा. पाऊण तास भांडण चालले. ‘खेडे’वाले शेवटपर्यंत मागे हटले नाहीत. अखेर एका मुलाने दप्तरातून एक पाकीट काढले आणि टपालाच्या शिक्क्यावर जे रोमन रूप होते तेच ठरले.